लाओसमधून पळालेले लोक अजून गप्प का बसत नाहीत?

आधी नावाचं बघू. लाओसमधून पळालेल्यांत एका डोंगरी जमातीचे लोक खूप आहेत. इंग्रजी बातमीत त्या जमातीचं नाव एच आणि एम या दोन अक्षरांनी सुरू होतं आणि वाचणारा तिथेच अडखळतो. मराठी माणसाने अडखळायचं कारण नाही. म्हैस, म्हातारा, म्हणजे यांतला ‘म्ह’ घ्या, पुढे ‘ओंग’ जोडा, झालं म्होंग. मूळ उच्चारात श्वास आधी सुटतो आणि ‘म’ नंतर येतो, पण आपण बरेच जवळ पोचतो. चीनमध्ये या लोकांना ‘म्याओ’ नावाच्या मोठ्या गटात मोजतात. लाओसमध्ये पूर्वी त्यांना ‘मेओ’ म्हणत, आणि तो शब्द त्यांना शिवीसारखा लागतो.

दक्षिण चीन, उत्तर व्हिएतनाम, लाओस आणि थायलंड यांच्या डोंगरांत राहणारी ही जमात. अठरा कुळं, आणि एकाच कुळात लग्न नाही. आपल्याकडे सगोत्र लग्नाला नाकं मुरडतात, तिथे तर विषयच संपला. व्हांग, यांग, शिओंग, मुआ ही आडनावं म्हणजे ही कुळंच. अनोळखी गावात गेलेला व्हांग पहिल्यांदा दुसऱ्या व्हांगचं घर शोधतो.

आज अमेरिकेत ३ लाखांहून जास्त म्होंग आहेत, त्यांतले बरेच मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये. अधूनमधून बातमी येते की वॉशिंग्टनमध्ये किंवा जिनिव्हात म्होंग आणि लाओ लोकांनी निदर्शनं केली, लाओस सरकारविरुद्ध निवेदन दिलं. वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं, युद्ध तर १९७५ लाच संपलं. पन्नास वर्षं झाली, नातवंडं अमेरिकन झाली. आता यांना हवंय तरी काय?

उत्तर देण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

जे युद्ध कागदावर नव्हतंच

लाओस आकाराने महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान, लोकसंख्या मात्र आज पाऊण कोटीच्या आसपास. समुद्र नाही. एका बाजूला व्हिएतनाम, दुसऱ्या बाजूला थायलंड, मध्ये मेकाँग नदी. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर तिथे शस्त्रसंधीवर लक्ष ठेवायला एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला. सदस्य तीन : भारत, कॅनडा आणि पोलंड. अध्यक्षपद भारताकडे. म्हणजे या गोष्टीच्या पहिल्या अंकात आपले अधिकारीही स्टेजवर होते, हे आपण विसरून गेलोय. १९६२ मध्ये पुन्हा करार झाला आणि लाओस तटस्थ राहील असं सगळ्यांनी सही करून सांगितलं. पाळलं कुणीच नाही.

उत्तर व्हिएतनामला दक्षिणेत माणसं आणि शस्त्रं न्यायची होती आणि त्यांचा रस्ता लाओसच्या जंगलांतून जात होता. अमेरिकेला तो तोडायचा होता, पण तटस्थ देशात उघडपणे सैन्य उतरवता येत नव्हतं. मग १९६१ पासून सीआयएने डोंगरातली माणसंच हाताशी धरली. व्हांग पाओ नावाचा म्होंग सेनाधिकारी त्यांचा प्रमुख झाला. लाँग तिएंग नावाच्या दरीत धावपट्टी बांधली गेली, तिथून विमानं उडू लागली, आणि नकाशावर नसलेलं एक अख्खं गाव उभं राहिलं. अमेरिकन संसदेला आणि जनतेला याचा पत्ता नाही. म्हणूनच त्याला ‘गुप्त युद्ध’ म्हणतात. ज्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडत होते त्यांच्यासाठी त्यात गुप्त काही नव्हतं.

आणि बॉम्ब किती? १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकन विमानांनी सुमारे ५ लाख ८० हजार फेऱ्या केल्या आणि २० लाख टनांहून जास्त दारूगोळा टाकला. सरासरी काढली तर नऊ वर्षं, रात्रंदिवस, दर आठ मिनिटांनी एक विमानभर. त्यांत टेनिसच्या चेंडूएवढे २७ कोटी छोटे बॉम्ब होते आणि त्यांतले साधारण ३० टक्के फुटलेच नाहीत. ते अजून शेतात आहेत. नांगराला लागतात, पोरं खेळायला उचलतात. २०१६ मध्ये बराक ओबामा लाओसला गेले तेव्हा ते काढण्यासाठी तीन वर्षांत ९ कोटी डॉलर द्यायचं त्यांनी जाहीर केलं.

इथे एक गोष्ट बहुतेक लेखांत सुटते. सगळे म्होंग अमेरिकेच्या बाजूने नव्हते. फायडांग नावाचा म्होंग पुढारी लाओसच्या राजाविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट पाथेट लाओकडे होता, तर त्याच्याच नात्यागोत्यातला तूबी लीफाँग राजाकडे. युद्ध घराघरांतून गेलं. पुढे २०१० मध्ये लाओसच्या राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षपदी पानी याथोतू ही म्होंग बाई आली, नंतर ती देशाची उपाध्यक्षही झाली. त्यामुळे ‘लाओसमध्ये म्होंग म्हटलं की छळ’ असं सरसकट वाक्य कुणी बोललं तर सरकार लगेच तिचं नाव पुढे करतं. छळ झाला तो मुख्यतः व्हांग पाओच्या माणसांचा, त्यांच्या बायकापोरांचा, आणि जे त्यांच्यासोबत जंगलात शिरले त्यांचा. पण हा फरक बंदूक धरणाऱ्याला नेहमी दिसतोच असं नाही.

नदी

१४ मे १९७५ ला व्हांग पाओला लाँग तिएंगहून विमानाने बाहेर काढण्यात आलं. काही मोजके अधिकारी आणि त्यांची कुटुंबं त्याआधीच्या विमानांत बसली. धावपट्टीवर हजारो लोक उरले. मग ते चालत निघाले. थायलंडला जायचं तर मेकाँग ओलांडायची आणि डोंगरातल्या माणसाला पोहता येत नाही. बांबूचे तराफे, टायरच्या ट्यूबा, काखेत धरलेले बांबूचे तुकडे. लहान मूल रडलं तर गस्तीवाल्यांना कळेल म्हणून मुलांना अफू चाटवत. अंदाज चुकला की मूल उठत नसे. म्होंग घरांमध्ये या गोष्टी आजही हळू आवाजात सांगतात.

नदी फक्त म्होंग लोकांनीच ओलांडली असं नाही. २ डिसेंबर १९७५ ला राजेशाही संपून कम्युनिस्ट प्रजासत्ताक आलं आणि सखल भागातले लाओ अधिकारी, शिक्षक, पोलीस, सैनिक ‘सम्मना’ला पाठवले जाऊ लागले. लाओ भाषेत सम्मना म्हणजे चर्चासत्र. काही आठवड्यांचं चर्चासत्र म्हणून गेलेली माणसं दहा-दहा वर्षांनी परत आली, कित्येक आलीच नाहीत. राजा आणि राणीलाही ईशान्येकडच्या अशाच छावणीत नेलं, तिथून ते परतले नाहीत. देशाची लोकसंख्या तेव्हा तीसेक लाख होती, त्यांतले ३ लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले. दहांत एक.

म्हणजे ‘लाओसचे निर्वासित’ म्हटलं की त्यात दोन वेगळे समाज येतात. भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, पूर्वी एकमेकांकडे बघण्याची नजरही वेगळी. परदेशात ते एका फलकाखाली उभे दिसतात, पण सखल भागातल्या लाओ माणसाचं मुख्य मागणं लोकशाहीचं असतं आणि म्होंग माणसाचं मागणं बरेचदा ‘जंगलातल्या आमच्या लोकांना मारू नका’ एवढंच.

थायलंडच्या लोएई प्रांतात बान विनाई नावाची छावणी उभी राहिली. १९८० च्या दशकात तिथे ४० हजारांहून जास्त लोक होते, जवळपास सगळे म्होंग. काम नाही, शेत नाही. बायकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचं भरतकाम होतं, ‘पा न्दाउ’, म्हणजे फुलांचं कापड. त्यात पूर्वी नक्षी असायची. छावणीत त्या कापडावर माणसं आली. निळ्या-करड्या कापडावर वरून खाली वाचत जायचं : वर गाव, झोपड्या, कोंबड्या, मक्याचं शेत. मग विमानं, त्यांतून पडणारे ठिपके. हिरव्या गणवेशातले सैनिक. पाठीवर मूल बांधलेल्या बायकांची रांग. खाली आडवा निळा पट्टा म्हणजे नदी, त्यात इवलीइवली माणसं, काहींच्या काखेत पिवळा टाका. तो बांबू. आणि पट्ट्याच्या पलीकडे थाय शिपाई आणि छावणीची रांगेतली छपरं.

ही कापडं परदेशी पाहुण्यांना विकली जायची, पोटासाठी. पण मला ती या लोकांनी दिलेली पहिली लेखी साक्ष वाटते. ‘लेखी’ म्हणतोय ते जाणूनबुजून. म्होंग भाषेला सर्रास वापरली जाणारी लिपीच नव्हती. १९५० च्या दशकात मिशनऱ्यांनी रोमन अक्षरांत एक पद्धत बसवली. १९५९ मध्ये शाँग लू यांग नावाच्या निरक्षर शेतकऱ्याने स्वतःची वेगळी लिपी तयार केली आणि तिच्यामागे इतके लोक जाऊ लागले की १९७१ मध्ये त्याला मारून टाकण्यात आलं. अशा समाजाला पुढे जगभर निवेदनं, शपथपत्रं, अहवाल लिहायचे होते.

ऐकणाऱ्याला पुरावा लागतो

परदेशात बसून मानवी हक्कांचं काम म्हणजे मोर्चे आणि घोषणा असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळ जातो तो एकाच गोष्टीत : दुसऱ्याला आपलं खरं वाटावं यासाठी. घटना घडली तो देश बंद आहे, तिथे स्वतंत्र पत्रकार नाही, संस्था नाही. साक्षीदार जंगलात आहे किंवा पळून आलाय. आणि पळून आलेल्यावर पहिला आरोप हाच की तू तर त्या सरकारचा जुना शत्रू, तू असंच बोलणार.

याचं सगळ्यात कडू उदाहरण म्हणजे ‘पिवळा पाऊस’. १९७० च्या दशकाच्या शेवटी छावणीत आलेले म्होंग सांगू लागले की विमानं येतात, पिवळे थेंब पडतात, मग उलट्या, रक्त, माणसं मरतात. काहींनी पिवळे डाग पडलेली पानं पुडीत बांधून आणली. सप्टेंबर १९८१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी पश्चिम बर्लिनमध्ये जाहीर केलं की सोव्हिएत युनियनने दिलेलं बुरशीचं विष इथे वापरलं जातंय. रातोरात म्होंग साक्ष शीतयुद्धाचं शस्त्र झाली. मग हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन आणि मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांनी डाग तपासले. त्यांत परागकण होते. थायलंडच्या जंगलात जाऊन त्यांनी रानमाश्यांचे थवे एकत्र उडून विष्ठा टाकतात ते स्वतः पाहिलं, अंगावर घेतलंही. विषाचे अंश इतर प्रयोगशाळांना काही सापडले नाहीत.

शास्त्र म्हणून मला मेसेल्सन यांची बाजू भक्कम वाटते. पण छावणीतल्या माणसाच्या कानावर काय गेलं? ‘तुम्ही माश्यांच्या हगण्याला घाबरलात.’ त्याची माणसं तर मेली होती. बॉम्बने, गोळ्यांनी, उपासमारीने, रोगाने, की आणखी कशाने, ते वेगळं. पण मेली होती. डागांचा प्रश्न निकाली निघाला आणि त्याबरोबर मेलेल्यांचाही निघाला असं जगाने धरून चाललं. यातून दोन धडे निर्वासितांच्या पुढच्या पिढीने घेतले : मोठ्या देशाला आपली गोष्ट कशासाठी हवी आहे ते आधी बघावं, आणि पानापेक्षा कॅमेरा बरा.

कॅमेरा पुढे आला. लाओसचं सर्वात उंच शिखर फू बिया, त्याच्या आसपासच्या जंगलात काही हजार म्होंग १९७५ नंतरही लपून राहिले होते, कंदमुळं खात, दर काही दिवसांनी जागा बदलत. अमेरिकेतल्या काही गटांनी तिथे सॅटेलाइट फोन पोचवले. कॅलिफोर्नियातल्या स्वयंपाकघरात फोन वाजायचा आणि पलीकडे जंगलातला माणूस कोण मेलं त्याची नावं सांगायचा. २००३ मध्ये दोन युरोपियन पत्रकार आणि त्यांच्याबरोबरचा म्होंग-अमेरिकन पाद्री त्या भागात पकडले गेले. न्यायालयाने १५ वर्षांची शिक्षा ठोठावली, आणि काही आठवड्यांत आंतरराष्ट्रीय दबावाने त्यांना सोडलं. त्यांच्या लाओसमधल्या वाटाड्यांना ते भाग्य मिळालं नाही.

मे २००४ मध्ये अन्न शोधायला बाहेर पडलेली पाच मुलं, १३ ते १६ वयाची, चार मुली आणि एक मुलगा, सैनिकांनी मारली. गटातल्या एकाने नंतर मृतदेहांचं चित्रण केलं, ती टेप देशाबाहेर आली आणि त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याला युद्धगुन्हा म्हटलं. लाओस सरकारने सांगितलं, सगळं बनावट आहे. म्हणजे टेप असूनही वाद ‘घडलं की नाही’ यावरच अडकला. आतमध्ये जाऊन बघायची परवानगी कुणाला मिळत नाही, तोवर तो तसाच अडकणार.

आता निर्वासितांच्या बाजूच्या चुका. त्या सांगितल्या नाहीत तर हा लेख प्रचार होईल. व्हांग पाओ आणि त्याच्या साथीदारांनी १९८१ मध्ये ‘नेओ होम’ नावाची मुक्तिसंघटना काढली. साध्या कामगार म्होंग कुटुंबांकडून दरमहा वर्गणी गोळा व्हायची, देश परत मिळाला की पदं मिळतील अशी आश्वासनं दिली जायची. पैशाचं काय झालं यावर समाजातच खूप भांडणं झाली. शिवाय काही पत्रकांमधले मृतांचे आकडे कुणालाच तपासता येणार नाहीत असे असायचे. आकडा एकदा फुगवला की पुढचा खरा आकडाही कुणी घेत नाही. आणि जंगलातल्या माणसाला ‘अमेरिका येतेय, धीर धरा’ असं फोनवर सांगत राहणं, यात मदत किती आणि फसवणूक किती हे मला ठरवता येत नाही.

जून २००७ मध्ये तर कहर झाला. शस्त्रविक्रेता म्हणून वावरणाऱ्या एका छुप्या सरकारी माणसाकडून रायफली आणि क्षेपणास्त्रं घेऊन लाओसचं सरकार उलथायचा कट केल्याच्या आरोपाखाली अमेरिकेनेच ७७ वर्षांच्या व्हांग पाओला अटक केली. ज्या देशाने त्याला हेच काम करायला पगार दिला होता त्याच देशाने! सॅक्रामेंटोच्या कोर्टाबाहेर हजारो म्होंग जमले. २००९ मध्ये त्याच्यावरचे आरोप मागे घेतले गेले, जानेवारी २०११ मध्ये तो वारला. पण लाओसची राजधानी व्हिएनतियान, तिथल्या सरकारला हवं ते मिळालं होतं : हे हक्कवाले नाहीत, बंडखोर आहेत.

जिथे काम झालं, आणि जिथे नाही

अमेरिकेत स्वतःच्या समाजासाठी मात्र त्यांनी बरंच मिळवलं. १९९७ मध्ये आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत लाओसच्या सैनिकांसाठी स्मृतिशिळा बसली, म्हणजे गुप्त युद्धाला पहिल्यांदा दगडावर नाव मिळालं. २००० मध्ये कायदा झाला की या जुन्या सैनिकांना नागरिकत्वाच्या परीक्षेत इंग्रजीची अट नाही. मिनेसोटाचे खासदार ब्रूस व्हेंटो यांनी तो अनेक वर्षं लावून धरला होता. अक्षरओळख नसलेला साठीचा माणूस, ज्याने अमेरिकन वैमानिकांना जंगलातून उचलून आणलं, तो इंग्रजीत नापास होत होता. ९/११ नंतर कायदे असे कडक झाले की सरकारविरुद्ध शस्त्र उचलणारा प्रत्येक जण दहशतवादी, आणि त्या व्याख्येत सीआयएचे म्होंगही बसले. २००७ च्या अखेरीस तीही दुरुस्ती करून घेतली गेली. २०१८ पासून या सैनिकांना राष्ट्रीय स्मशानभूमींत दफनाचा हक्क आहे.

छावण्यांची गोष्ट इतकी सरळ नाही. १९९० च्या दशकात थायलंडने छावण्या बंद करायला घेतल्या आणि ‘स्वेच्छेने परत जा’ असं धोरण आलं. बान विनाईचा जुना प्रमुख वू माई हा १९९२ मध्ये परत गेला, म्हणजे बाकीच्यांनाही विश्वास वाटेल. १९९३ मध्ये तो व्हिएनतियानमधून नाहीसा झाला. त्यानंतर परत जायला तयार कोण होणार? हजारो लोक थायलंडमधल्याच ‘वाट थाम क्राबोक’ नावाच्या बौद्ध मठाच्या आवारात राहू लागले. तिथे निर्वासितांच्या दबावाला यश आलं : २००४-०५ मध्ये त्यांतल्या सुमारे १५ हजारांना अमेरिकेने घेतलं.

फेच्चाबून प्रांतातल्या हुआई नाम खाओच्या छावणीचं मात्र उलटं झालं. तिथे उपचार करणाऱ्या ‘मेदसां सां फ्राँतिए’ या डॉक्टरांच्या संस्थेने लष्कराच्या जाचाचा निषेध म्हणून मे २००९ मध्ये काम सोडलं. २८ डिसेंबर २००९ ला पहाटे थाय सैन्य आलं, पत्रकारांना दूर अडवलं, मोबाइल बंद पाडले आणि चार हजारांहून जास्त लोकांना बसमध्ये घालून लाओसला पाठवून दिलं. त्याच दिवशी नाँग खाईच्या कोठडीतल्या १५८ जणांनाही. त्यांना संयुक्त राष्ट्रांनी निर्वासित म्हणून मान्यता दिली होती, त्यांना घ्यायला दुसरे देश तयार होते, त्यांत बरीचशी लहान मुलं होती. अमेरिकेने थायलंडला जाहीरपणे थांबायला सांगितलं होतं. थायलंडने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कायद्याचा धाक असा नाहीच. (सही भारतानेही केलेली नाही.)

जिनिव्हात ‘नोंद घेतली’

मोठ्या देशांचं लक्ष उडालं की उरतो संयुक्त राष्ट्रांचा रस्ता. मानवी हक्क परिषदेत प्रत्येक देशाची साधारण साडेचार-पाच वर्षांनी झडती होते. लाओसची २०१०, २०१५, २०२० मध्ये झाली. सरकार आपला अहवाल देतं, आणि त्याच्या शेजारी दुसरी एक फाइल असते, ज्यात संस्थांनी, निर्वासित गटांनी पाठवलेल्या माहितीचा सारांश असतो. मग बैठकीत इतर देशांना मिनिट-दीड मिनिट मिळतं. निर्वासितांची खरी मेहनत या मिनिटासाठी असते : एखाद्या देशाच्या अधिकाऱ्याला महिनाभर आधी भेटून त्याच्या कागदावर आपलं एक वाक्य चढवायचं. शेवटी लाओस कुठली शिफारस ‘मान्य’ आणि कुठलीची फक्त ‘नोंद घेतली’ ते सांगतं. ‘नोंद घेतली’चा अर्थ सरकारी कचेरीत फेऱ्या मारलेल्या मराठी वाचकाला समजावायला नको. तरीही पुढच्या खेपेला तोच प्रश्न मागच्या तारखेसकट पुन्हा विचारता येतो.

त्या नोंदींत सर्वाधिक वेळा येणारं नाव सोम्बाथ सोम्फोन यांचं आहे, आणि ते निर्वासित नव्हते. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकून ते लाओसला परत गेले, खेड्यापाड्यांत तरुणांबरोबर काम केलं. २००५ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना समाजनेतृत्वासाठी मिळाला, विनोबांना १९५८ मध्ये आणि प्रकाश-मंदा आमट्यांना २००८ मध्ये मिळाला त्याच विभागात. १५ डिसेंबर २०१२ च्या संध्याकाळी व्हिएनतियानमध्ये ते आपल्या जीपने घरी निघाले होते. पत्नी शुई मेंग एंग पुढच्या गाडीत. एका पोलीस चौकीपाशी जीप थांबवली गेली. ते खाली उतरले. मोटरसायकलवर एक माणूस आला, मोटरसायकल तिथेच टाकून सोम्बाथ यांची जीप घेऊन गेला. मग एक पिकअप आली आणि त्यांना घेऊन गेली. हे सगळं चौकीसमोरच्या सीसीटीव्हीत आहे. घरचे पोलिसांकडे गेले तेव्हा त्यांना ते चित्रण दाखवलं गेलं आणि त्यांनी प्रसंगावधान राखून पडद्याचंच मोबाइलवर रेकॉर्डिंग करून घेतलं. पोलिसांनी मूळ फीत नंतर कुणाला दिली नाही. जगाने पाहिली ती मोबाइलवरची, थरथरती. सोम्बाथ आजही बेपत्ता आहेत.

त्यानंतर लाओसमध्ये कुणी तोंड उघडणं जवळपास थांबलं आणि बोलायची जबाबदारी सीमेपलीकडे गेली. थायलंडमध्ये कामाला असलेल्या लाओ मजुरांनी, निर्वासितांनी ‘फ्री लाओ’ नावाचा गट केला. बँकॉकच्या वकिलातीसमोर निदर्शन, फेसबुकवर पोस्ट, एवढंच. २०१५ च्या अशा निदर्शनातले तिघे, दोन पुरुष आणि एक बाई, पुढच्या वर्षी पासपोर्टच्या कामाला गावी गेले आणि पकडले गेले. शिक्षा : २०, १६ आणि १२ वर्षं. त्याच गटातला ओद सयावोंग मार्च २०१९ मध्ये लाओस दौऱ्यावर निघालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञाला बँकॉकमध्ये भेटला. ऑगस्टमध्ये तो बँकॉकमधून नाहीसा झाला. मे २०२३ मध्ये बून्सुआन कितियानो याचा गोळ्या लागलेला मृतदेह थायलंडच्या उबोन राचथानीत सापडला. दोघांकडेही निर्वासित म्हणून संयुक्त राष्ट्रांची मान्यता होती. नदी ओलांडली की सुटलो, असं १९७५ मध्ये म्हणता येत होतं.

मे २०२५ मध्ये ‘रेडिओ फ्री एशिया’ची लाओ भाषेतली सेवा बंद पडली. अमेरिकन सरकारने पैसा तोडला म्हणून. वर सांगितलेल्या बऱ्याच घटना पहिल्यांदा बाहेर आल्या त्या तिथून.

आणि त्याच वर्षी सेंट पॉलमधल्या संघटनांच्या टेबलावर वेगळेच कागद आले. अमेरिकेने जुन्या गुन्ह्यांत शिक्षा भोगून झालेल्या म्होंग आणि लाओ रहिवाशांना लाओसला पाठवायला सुरुवात केली. यांतले बरेच जण लहानपणीच आले होते. काहींचा जन्म थायलंडच्या छावणीतला, त्यांनी लाओस कधी पाहिलाही नव्हता. सेंट पॉलने त्या नोव्हेंबरात लाओसमध्ये जन्मलेल्या काओली हर यांना महापौर निवडलं, आणि त्याच गावात लोक वकिलांना विचारत होते की तिकडे उतरल्यावर आमच्या माणसाला कोण भेटेल, त्याची चौकशी कोण करेल, त्याला लाओ बोलता येत नाही त्याचं काय. २००९ मध्ये हेच प्रश्न त्यांनी थायलंड सरकारला लिहून पाठवले होते. मजकूर फारसा बदलावा लागला नाही, फक्त पत्ता बदलला.